फाइल छोटी, डोकेदुखी मोठी!

स्क्रीनवर झक्कास दिसणारं डिझाइन छापून आल्यावर धूसर का होतं? जेपेग, पीएनजी, पीडीएफ यातलं नेमकं काय निवडायचं? ‘एक्स्पोर्ट’चं बटण दाबण्याआधी दोनच प्रश्न स्वतःला विचारा, पुढचं बरंच टेन्शन वाचेल.

शुक्रवारची संध्याकाळ. दिवाळीला जेमतेम बारा दिवस उरलेले. मी ऑफिसातून निघायच्या बेतात, तेवढ्यात मामेबहिणीचा फोन. ‘दादा, स्टिकर आलेत. तू आत्ताच्या आत्ता ये.’ आवाजावरूनच कळलं, काहीतरी झोल आहे.

ही मामेबहीण म्हणजे हिंजवडीतली नोकरी सांभाळून घरच्या घरी भाजणी, मेतकूट आणि फराळ करून विकणारी उद्योगी मुलगी. तोवर सगळा कारभार ओळखीपाळखीत चालायचा. त्या वर्षी पहिल्यांदाच तिनं रीतसर नोंदणी केली, बरण्या आणल्या आणि कोथरूडच्या दोन दुकानदारांना माल ठेवायला राजी केलं. त्यांची अट एकच, लेबल नीट हवं. आणि लेबल कोण करणार? अर्थात, दादा! ऑफिसात प्रेझेंटेशन बरी करतो, एवढंच माझं क्वालिफिकेशन.

घरी पोचलो तर खोक्यात दोन हजार स्टिकर. लांबून एकदम चकाचक. पिवळ्यावर लाल अक्षरं, शेजारी खमंग चकलीचा फोटो. जवळ घेतलं आणि पोटात गोळा आला. घटक पदार्थांच्या यादीत ‘तांदूळ’मधला अनुस्वार गायब. शाकाहारी असल्याची हिरव्या चौकोनातली टिकली शेवाळाच्या डागासारखी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर. तो ३ आहे की ८? ६ आहे की ०? दुकानदारानं म्हणे चष्मा लावून बरणी उजेडात धरली आणि शांतपणे परत दिली. ‘ताई, नंबर वाचता येत नाही. असा माल मी नाही ठेवू शकत.’

आठशे बाय तीनशे

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नारायण पेठेतल्या प्रेसवर हजर. मी तर भांडायच्या तयारीनंच गेलो होतो. प्रेसवाल्या काकांनी काही न बोलता मॉनिटर आमच्याकडे वळवला, माझी फाइल उघडली आणि झूम केली. आकड्यांच्या जागी करड्या ठिपक्यांची रांगोळी!

‘तुम्ही दिलंत तेच छापलंय. फाइल आठशे बाय तीनशेची, लेबल आठ इंचाचं. मी काय हातानं आकडे काढू? आणि प्रूफ तुम्हीच मोबाइलवर बघून ओके केलंत.’

शंभर टक्के खरं होतं. मान खाली घालून मी विचारलं, मग करायचं काय? काका म्हणाले, ‘साहेब, फाइल देताना दोन गोष्टी बघायच्या. चित्रात काय आहे, आणि ते जाणार कुठे.’

हे दोन प्रश्न म्हणजेच या सगळ्या भानगडीचा फंडा. बाकीचं यातूनच निघतं.

कणकेचा गोळा तेवढाच

आधी ‘कुठे जाणार’ बघू. डिजिटल चित्र म्हणजे रंगीत चौकटींची जाळी. एकेक चौकट म्हणजे पिक्सेल. आपल्या फाइलमध्ये आडवे ८०० आणि उभे ३०० पिक्सेल होते. मोबाइलवर ते मस्त दिसत होते, कारण तिथं तेवढीच जागा होती. पण लेबल होतं ८ इंच रुंद. म्हणजे एका इंचाच्या वाट्याला आले फक्त १०० पिक्सेल. हातात धरून वाचायच्या छपाईला साधारण ३०० लागतात. हाच तो ‘३०० डीपीआय’चा आकडा, जो प्रत्येक प्रेसवाला ऐकवतो.

आता त्या १४ आकड्यांचं बघा. लेबलवर त्यांची उंची होती जेमतेम दीड मिलिमीटर. शंभरच्या हिशेबानं प्रत्येक आकड्याला मिळाले उभे सहा पिक्सेल. सहा चौकटींत ३ आणि ८ वेगळे काढून दाखवा बघू! तीनशेच्या हिशेबानं तेच १८ झाले असते आणि आकडे व्यवस्थित वाचता आले असते.

मग मी शहाणपणा केला. ‘काका, फाइलमध्ये डीपीआयचा आकडा ३०० करून देतो ना!’ काका हसले. तो आकडा म्हणजे फाइलला जोडलेली नुसती चिठ्ठी. ती बदलली म्हणून पिक्सेल वाढत नाहीत. कणकेचा गोळा तेवढाच असेल, तर पोळी मोठी लाटली की पातळ होणार आणि फाटणार. सॉफ्टवेअरला ‘वाढव’ म्हटलं तर ते मधले पिक्सेल अंदाजानं भरतं. चकलीच्या फोटोला अंदाज चालून जाईल, लायसन्स नंबरला कसा चालेल?

म्हणून सोपा हिशेब लक्षात ठेवा. इंच गुणिले ३००. साडेतीन बाय दोन इंचांचं व्हिजिटिंग कार्ड म्हणजे १०५० बाय ६००. ए-फोर कागद म्हणजे २४८० बाय ३५०८. आपलं लेबल हवं होतं २४०० बाय ९००. डिझाइन सुरू करतानाच हे माप टाकायचं. शेवटी ताणून भागत नाही.

पण हाच नियम डोळे झाकून सगळीकडे लावला तर उलटी फजिती. वीस बाय दहा फुटी फ्लेक्स ३०० डीपीआयनं करायला गेलात तर ७२,००० बाय ३६,००० पिक्सेल होतात. साधारण २५९ कोटी! जेपेग फाइलला एका बाजूला ६५,५३५ पिक्सेलच्या पुढे जाताच येत नाही. आणि गरजही नसते. चौकातला फ्लेक्स आपण रस्त्यापलीकडून बघतो, नाकाला लावून नाही. तिथं इंचाला ३० ते ७२ पिक्सेलही पुरतात. जितकं लांबून बघायचं, तितकं इंचामागे कमी चालतं.

जेपेग : एका भारतीयाची देणगी

आता दुसरा प्रश्न. चित्रात आहे काय?

१२ मेगापिक्सेलच्या मोबाइल फोटोत ४००० बाय ३०००, म्हणजे एक कोटी वीस लाख पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट धरले तर फोटो व्हायला हवा ३६ एमबीचा. प्रत्यक्षात असतो तीन-चार एमबीचा. बाकीचं कुठं जातं?

या जादूमागे बंगळुरूचा एक माणूस आहे. १९४० साली तिथं जन्मलेले नासिर अहमद पुढे अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवत होते. १९७२ मध्ये त्यांना चित्रातली माहिती लाटांच्या रूपात मांडण्याची एक गणिती युक्ती सुचली. संशोधनासाठी त्यांनी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले, पण नकार आला. तरी ते मागे लागले आणि १९७४ च्या जानेवारीत टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ हे तिचं नाव. १९९२ साली जेपेग आलं ते याच पायावर. आज तुम्ही फॉरवर्ड केलेल्या प्रत्येक ‘गुड मॉर्निंग’मागे हे गणित आहे!

जेपेग करतं काय, तर चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे पाडतं. प्रत्येक तुकड्यातले सावकाश बदलणारे भाग जपतं आणि बारीक, पटापट बदलणारे तपशील कमी करतं, कारण आपल्या डोळ्यांना ते फारसे जाणवत नाहीत. डोळा उजेड-अंधाराला तल्लख आणि रंगाला जरा मंद, म्हणून रंगांची माहिती तर बहुतेक वेळा आडवी-उभी निम्मीच ठेवली जाते. फोटोसाठी हे एकदम परफेक्ट. चेहरा, आकाश, चकली यात सगळं सावकाश बदलतं.

गडबड होते ती अक्षरांची. काळ्या रेघेची कड म्हणजे क्षणात काळं, क्षणात पांढरं. म्हणजे नेमका तोच बारीक तपशील, जो जेपेग आधी उडवतं. माझ्या लेबलवरचा सहा पिक्सेलचा आकडा तर त्या ८ बाय ८ च्या एका तुकड्यातच मावत होता. त्यात मी फाइल हलकी करण्यासाठी क्वालिटी पार खाली ओढली होती. मग काय उरणार?

आणि आपली हौस बघा, पिवळ्यावर लाल! हळदीकुंकवाचे रंग आपल्याला प्रिय, लग्नपत्रिकेपासून लेबलापर्यंत. पण निम्म्या रंगमाहितीत या दोन रंगांमधली कड सगळ्यात आधी विरघळते. इंग्रजीत आयच्या टिंबापलीकडे फारसं काही जात नाही. मराठीत अनुस्वार, रफार, मात्रा असा सगळा संसार शिरोरेघेच्या वर आणि उकार खाली. ठिपका गेला की शब्दच बदलतो.

जेपेगची आणखी एक खोड म्हणजे उघडा, बदल करा, पुन्हा सेव्ह करा, की दरवेळी थोडं आणखी झिजतं. म्हणून जेपेग हे शेवटचं स्टेशन समजा. मूळ डिझाइनची फाइल वेगळी जपा आणि दरवेळी तिथूनच नवं जेपेग काढा. क्वालिटी ८० ते ९० ठेवली की बहुतेक फोटोंना पुरते. १०० केली तर फाइल फुगते आणि डोळ्यांना फरक दिसत नाही.

भांडणातून आलेलं पीएनजी

अक्षरं, लोगो, तक्ते, स्क्रीनशॉट यांच्यासाठी पीएनजी. याचा जन्म झाला भांडणातून. त्याआधी वेबवर राज्य होतं १९८७ साली कॉम्प्युसर्व्ह कंपनीनं आणलेल्या जिफचं. त्यातल्या कॉम्प्रेशनचं पेटंट होतं युनिसिसकडे. १९९४ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झालं की जिफ वापरणाऱ्या सॉफ्टवेअरला आता फी भरावी लागेल. प्रोग्रॅमर मंडळी भडकली आणि त्यांनी कुणाच्या पेटंटमध्ये न अडकणारा नवा फॉरमॅट बनवायला घेतला. १९९६ मध्ये पीएनजी आलं. जिफला एका फ्रेममध्ये २५६ रंगांची मर्यादा, पीएनजीला लाखो रंग चालतात. पुढे पेटंट संपलं आणि जिफ हलत्या-डुलत्या विनोदांपुरतं मजेत जगतंय.

पीएनजी काहीच फेकत नाही. जितके पिक्सेल दिले, तितके जसेच्या तसे परत. शिवाय मागची बाजू पारदर्शक ठेवता येते. तुमच्या कंपनीचा लोगो निळ्या स्लाइडवर पांढऱ्या चौकोनासकट बसलेला दिसला, की समजावं, कुणीतरी जेपेग वापरलंय. पण फोटोला पीएनजी लावलंत तर फाइल जेपेगच्या कितीतरी पट होते. दोनशे फोटोंचं पीएनजी ईमेलला जोडायला गेलात तर जीमेलची २५ एमबीची हद्द कधीच पार!

छापायचं असेल तर पीडीएफ

मग आपल्या लेबलला पीएनजी हवं होतं का? काका म्हणाले, ‘त्याहून बरं आहे. पीडीएफ द्या.’

कारण लेबलमध्ये दोन्ही होतं. फोटोही आणि अक्षरंही. पीडीएफमध्ये फोटो पिक्सेलचा राहतो आणि अक्षरं, लोगो, रेघा व्हेक्टर राहतात. व्हेक्टर म्हणजे ठिपक्यांऐवजी आकाराचं सूत्र. इथून तिथवर असं वळण घे, हा रंग भर. व्हिजिटिंग कार्डावर छापा नाहीतर होर्डिंगवर, कड धारदारच. दुकानात लावायचा पैसे भरायचा क्यूआर कोडही शक्य तर असाच घ्या, नाहीतर मोठ्या मापाच्या पीएनजीत. वेबसाइटवरच्या लोगोसाठी हेच काम एसव्हीजी करतं.

मराठीत मात्र एक खास धोका. तुमचा फॉन्ट प्रेसच्या कॉम्प्युटरवर नसेल आणि तुम्ही उघडी फाइल दिलीत, तर जोडाक्षरं तुटतात, ‘चिवडा’मधली पहिली वेलांटी पुढच्या ‘व’ला जाऊन चिकटते. म्हणून फॉन्ट पीडीएफमध्ये जोडलेला आहे ना हे बघा, किंवा अक्षरांचे ‘कर्व्हज’ करून द्या. कोरलमध्ये हा शब्द आहे, इलस्ट्रेटरमध्ये त्यालाच ‘आउटलाइन्स’ म्हणतात. एकदा कर्व्हज केले की मजकूर सुधारता येत नाही, तेव्हा शुद्धलेखन आधी तपासा आणि मूळ फाइलची कॉपी ठेवा.

छपाईच्या आणखी दोन गोष्टी. स्क्रीन रंग दाखवते लाल, हिरव्या, निळ्या उजेडातून. प्रेस छापते निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या शाईतून, म्हणजे सीएमवायके. स्क्रीनवरचा झगझगीत पोपटी शाईत तसा येत नाही, म्हणून रंगांचं प्रूफ कागदावर मागा. आणि कापताना कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून चारी बाजूंनी साधारण तीन मिलिमीटर रंग जास्त सोडा. यालाच ‘ब्लीड’ म्हणतात. कॅनव्हासारख्या ठिकाणी छपाईच्या पीडीएफचा वेगळा पर्याय असतो, तोच निवडा.

व्हॉट्सअ‍ॅपची कात्री

एवढं करून फाइल तुम्ही पाठवणार कशावर? व्हॉट्सअ‍ॅपवर! तिथं फोटो म्हणून पाठवलं की तो छोटा केला जातो आणि जेपेगच्या चरकातून पुन्हा निघतो. २०२३ मध्ये ‘एचडी’चा पर्याय आला, पण तोही मूळ फाइल जशीच्या तशी देत नाही. छपाईची फाइल नेहमी ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा. २०२२ पासून तिथं दोन जीबीपर्यंतची फाइल जाते.

कॉम्प्रेशन किती खतरनाक होऊ शकतं, हे २०१३ मध्ये जगानं पाहिलं. डेव्हिड क्रीझेल या जर्मन कॉम्प्युटर शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की झेरॉक्सच्या काही स्कॅनर-कॉपियरमधून निघालेल्या इमारतीच्या नकाशावर खोल्यांची मापंच बदललीत. फाइल लहान करण्यासाठी मशीन एकसारखे दिसणारे आकार शोधून एकाच्या जागी दुसरा छापत होतं आणि त्यात ६ चा ८ होत होता. छपाई स्वच्छ, आकडा चुकीचा! कंपनीला सॉफ्टवेअर दुरुस्त करून द्यावं लागलं. माझा नंबर निदान धूसर तरी होता, संशय तरी आला.

जेव्हा छोटंच हवं असतं

दरवेळी ‘मोठं तेच चांगलं’ असंही नाही, दोस्तहो. बँकेच्या परीक्षांचे फॉर्म भरलेत ना? फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी. इथं रात्री अकरा वाजता, शेवटच्या तारखेला, अर्धा महाराष्ट्र ‘फोटो कमी करा’ असं शोधत बसतो. आणि चूक करतो ती एकच. पिक्सेल तेवढेच ठेवून क्वालिटी तळाला नेतो, मग चेहऱ्यावर चौकोन उमटतात. आधी फोटो कापून फॉर्ममध्ये दिलेल्या पिक्सेल मापात आणा. माप लहान झालं की चांगली क्वालिटी ठेवूनही फाइल हद्दीत बसते.

वेबसाइटचंही तसंच. लेबलचा चार हजार पिक्सेलचा फोटो ऑनलाइन दुकानावर टाकलात, तर लोकलमध्ये नेटवर्क शोधणारा गिऱ्हाईक पान उघडायच्या आधीच निघून जाईल. तिथं बाराशे पिक्सेलची रुंदी सहसा पुरते. फॉरमॅट म्हणून गुगलनं २०१० मध्ये आणलेलं वेबपी बघा. गुगलच्या सांगण्यानुसार ते त्याच दर्जाच्या जेपेगपेक्षा २५ ते ३४ टक्के हलकं असतं. २०१९ मध्ये आलेलं एव्हीआयएफ त्याहूनही काटकसरी. मात्र हे दोन्ही स्क्रीनसाठीच ठेवा, प्रेसवर नेऊ नका. आणि आयफोनमध्ये २०१७ पासून फोटो एचईआयसी प्रकारात साठतात. जुन्या कॉम्प्युटरवर ते उघडत नाहीत, तेव्हा दुसऱ्याला देताना जेपेग करून द्या.

झटपट यादी, फ्रीजवर लावा!

• नुसता फोटो, स्क्रीनसाठी : जेपेग, क्वालिटी ८० ते ९०
• अक्षरं, तक्ता, स्क्रीनशॉट, पारदर्शक लोगो : पीएनजी
• इन्स्टाग्राम पोस्ट : रुंदी १०८० पिक्सेल, मजकूर जास्त असेल तर पीएनजी
• वेबसाइट : फोटो वेबपी, लोगो एसव्हीजी
• कार्ड, लेबल, पत्रिका : पीडीएफ, इंच गुणिले ३००, तीन मिलिमीटर ब्लीड
• लांबून बघायचा फ्लेक्स : इंचाला ३० ते ७२ पिक्सेल; प्रेसला विचारून घ्या
• सरकारी किंवा बँकेचा फॉर्म : आधी पिक्सेल, मग केबी
• काहीही असो : मूळ फाइल वेगळी आणि सुरक्षित

आणि त्या लेबलांचं काय झालं?

त्याच शनिवारी घरी जाऊन मी लेबल नव्यानं केलं. आठ इंच बाय तीन इंच, पहिल्या मिनिटापासून. चकलीचा मूळ फोटो मोबाइलमधून केबलनं काढला. अक्षरं पिवळ्यावर लालऐवजी गडद तपकिरी घेतली. रविवारी पीडीएफ तयार. यावेळी प्रूफ कागदावर मागितलं, खऱ्या मापात. मामेबहिणीनं हातात पट्टी धरून १४ च्या १४ आकडे मोठ्यांदा वाचले आणि मी नोंदणीच्या कागदावर टिक करत गेलो. काका चहा पीत म्हणाले, ‘हे पहिल्यांदाच केलं असतंत तर?’ पुण्यात याला कौतुक म्हणतात.

दुसऱ्या छपाईत तिचा पहिल्या ऑर्डरचा नफा गेला. ती एका शब्दानं बोलली नाही, म्हणून मलाच जास्त लागलं. बुधवारी बरण्या दुकानात पोचल्या. दुकानदारानं पुन्हा चष्मा लावला, बरणी उजेडात धरली आणि या खेपेला फळीवर ठेवली.

तेव्हापासून ‘एक्स्पोर्ट’चं बटण समोर आलं की माझा हात दोन सेकंद थांबतो. यात आहे काय? हे जाणार कुठे? बस्स.

आणि ते पहिले दोन हजार स्टिकर? काटकसरी मामीनं फेकू दिले नाहीत. आज तिच्या स्वयंपाकघरात रव्याच्या, साखरेच्या, साबुदाण्याच्या, सगळ्या डब्यांवर एकच लेबल आहे, ‘चकली भाजणी’. आत काय आहे, ते फक्त मामीला ठाऊक!